कुपीला आकाश नाही

सायमन डाबरे आकडे बदलतो, याबद्दल यामिनी भोईटेच्या मनात आता तीळमात्र शंका उरली नव्हती. दर महिन्याच्या एक तारखेला न्याहारी झाली की तो हवाघरात जायचा, दार लोटून घ्यायचा आणि वीस मिनिटांनी बाहेर यायचा. तो आत जाण्यापूर्वी भिंतीवरच्या पाटीवर हवेचा एक आकडा दिसायचा, बाहेर आल्यावर दुसरा, आणि दुसरा नेहमी कमी. सलग तीन महिने तिने हे पाहिलं होतं. चौथ्या खेपेला तिने दोन्ही आकडे तळहातावर पेनने लिहून घेतले, कारण वही कुठेही ठेवली तरी ती कुणीतरी वाचतं असं तिला वाटू लागलं होतं.

आता वही वाचायला तिथे माणसं होती दोनच, पण संशयाला दोन माणसं पुष्कळ होतात.

पाटणच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या रांगेपलीकडे, काच आणि पोलाद यांची ती बंद वसाहत उभी होती. कागदोपत्री तिचं नाव दीड ओळीचं होतं, पण सगळे तिला कुपी म्हणत. सोळा महिन्यांपूर्वी तिचं दार बंद झालं, त्यानंतर आतून बाहेर किंवा बाहेरून आत काहीही गेलं नव्हतं. तीच हवा, तेच पाणी, तीच तीन माणसं. काचेतून बाहेरचं गवत हलताना दिसायचं, पण त्या वाऱ्याचा एक घोटही आत येत नसे.

हा सगळा खटाटोप ‘वाटसरू’साठी होता. ‘वाटसरू’ ही मंगळाकडे निघालेली, वजन टिकावं म्हणून स्वतःभोवती फिरत राहणारी नौका, तिला निघून पाच महिने झाले होते. तिच्यात जे वाफे होते, जी यंत्रं होती, जे पंप होते, तेच सगळे कुपीत होते. तिकडे तीन माणसं, इकडेही तीन. फक्त कुपी अकरा महिने आधी बंद केली होती, म्हणजे जे काही बिघडायचं ते आधी इथे बिघडेल. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशी ती साधी योजना. कुपीतल्या माणसांचं कामच मुळी ठेच खाण्याचं आणि खाल्ल्यावर मोठ्याने ओरडण्याचं होतं. यामिनीला हे काम दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटे, कारण ‘वाटसरू’वर वाफे आणि हवा सांभाळणारी केतकी ही तिची सख्खी धाकटी बहीण होती.

यामिनी स्वतः मातीची शास्त्रज्ञ. कुपीतला अळूचा वाफा ही तिची करणी आणि तिचा अभिमान. घरामागे मोरीचं पाणी जिथे पडतं तिथे अळू लावायचं, हे साताऱ्याकडच्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. सकाळी आंघोळी उरकल्या की पाणी येतं, दुपारपर्यंत जिरतं, आणि अळू माजतं. नौकेचा आराखडा करणाऱ्यांनी सांडपाणी शुद्ध करायला दोनशे किलोचं एक बाष्पयंत्र योजलं होतं. यामिनीने भर बैठकीत विचारलं होतं, की एवढ्या लोखंडाऐवजी चार हात अळू का नको. लोक हसले, मग हिशेब मांडून बसले आणि मग गप्प झाले. तिघांचं आंघोळीचं पाणी आणि लघवी सकाळी वाफ्यात सोडायची, संध्याकाळपर्यंत खालून स्वच्छ पाणी निथळून येतं. पानं सुपाएवढी होत. आठवड्यातून दोनदा फदफदं, एकदा वड्या. बाष्पयंत्र रद्द झालं आणि नौकेच्या आराखड्यातही त्या जागी ‘भोईटे वाफा’ असं छापून आलं.

हे सगळं छान चाललं होतं, पण गेले तीन महिने कुपीत काहीतरी शिजतंय असं तिच्या लक्षात यायला लागलं. ती खोलीत आली की नसीम आणि सायमनचं बोलणं थांबायचं. चहाला वेगळीच चव असायची. नसीम मुजावर ही वसाहतीची डॉक्टर, मूळची मिरजेची, पंचवीस वर्षं रोग्यांना भूल देण्यात घालवलेली, साठीकडे झुकलेली मऊ बोलणारी बाई. या मऊपणाचाच यामिनीला आता राग येई. दर गुरुवारी नसीम सगळ्यांना एक लाल गोळी द्यायची. दहा आठवड्यांपासून यामिनी ती जिभेखाली धरून वाफ्यापर्यंत न्यायची आणि अळूच्या मुळाशी थुंकायची. गोळी न खाल्ल्याने आपण सावध राहिलो, अशी तिची खात्री होती.

तिच्या पायांना मुंग्या यायच्या, तळवे गादीवर चालल्यासारखे वाटायचे. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नसीमने नोंद केली असती, नोंद बाहेर मोहिमेच्या केंद्रात गेली असती, तिला कुपीतून काढलं असतं आणि वाफा या दोघांच्या हाती लागला असता. हाच तर यांचा डाव असणार.

त्या एक तारखेला सायमन हवाघरातून बाहेर आला तेव्हा ती दारातच उभी होती. नसीम मागे भाजी निवडत बसली होती. यामिनीने तळहात त्याच्यासमोर धरला.

“हा आकडा होता, आणि हा तू केलास. कुणाच्या सांगण्यावरून?”

सायमन वसईचा, तिशीतला, यंत्रांशी जास्त आणि माणसांशी कमी बोलणारा. तो चिडला नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून त्याला बरंच वाटलं. आत नेऊन त्याने दोन यंत्रं दाखवली. पहिलं रेणुतराजू. हवेतला रेणू अन् रेणू तोलून त्यांची वजनाप्रमाणे वाटणी करणारं. अठ्ठावीस वजनाचा नायट्रोजन, बत्तिसाचा ऑक्सिजन, चव्वेचाळिसाचा कार्बन डायऑक्साइड म्हणजे कर्बवायू. दुसरा अवरक्त डोळा. तो हवेतून अदृश्य उष्ण प्रकाश सोडतो आणि कर्बवायूने त्यातला किती गिळला ते बघतो. दोघांचं उत्तर एकच यायला हवं. पण तराजू गेले कित्येक महिने जास्त दाखवत होता.

“तराजू म्हातारा होतोय, ताई,” तो म्हणाला. “डोळा बरोबर आहे. म्हणून महिन्यातून एकदा तराजूला डोळ्याशी जुळवून घ्यायचं. पुस्तिकेतच लिहिलंय तसं, मिळवणी म्हणून. ‘वाटसरू’वर पण हेच करतात.”

“म्हणजे दर महिन्याला तू त्याचा कान पिरगाळतोस.”

“तसं म्हणा हवं तर.”

तिने सगळ्या मिळवण्यांची यादी मागितली. त्याने पडद्यावर काढून दिली. यामिनी ती वाचायला बसली ती चोर पकडण्याच्या इराद्याने. दुसऱ्या कुणी ही यादी वाचली असती तर मान डोलावून उठला असता, आणि सोळा महिने सगळ्यांनी तेच केलं होतं. पण यामिनी त्या दिवसांत कशावरच विश्वास ठेवत नव्हती, यंत्राच्या म्हातारपणावरही नाही.

“म्हातारं यंत्र कधी इकडे चुकतं, कधी तिकडे,” ती म्हणाली. “हे सोळा महिने एकाच बाजूला चुकतंय. आणि पावसाळ्यात तू वाफा वाढवून दिलास, तिथून चूकही वाढली. यंत्राला वाफ्याचं काय कळतं?”

ती पुढे झुकून पडद्यावरचा चव्वेचाळीस आकडा बघत राहिली. मग अगदी हळू विचारलं, “चव्वेचाळीस वजनाचं सगळं कर्बवायूच, हे कुणी सांगितलं?”

यामिनीने मनात बेरीज केली. नायट्रोजन चौदा, पुन्हा नायट्रोजन चौदा, ऑक्सिजन सोळा. बेरीज चव्वेचाळीसच. हे उत्तर तिला सायमनच्या आधी, सगळ्यांच्या आधी यायला हवं होतं.

दारातून नसीमने त्या वायूचं नाव घेतलं. “नायट्रस ऑक्साइड. आयुष्यभर त्याच्याच नळ्या धरल्यात मी.”

“हसवणारा वायू?” सायमन म्हणाला. त्याने तिघांकडे, म्हणजे दोघींकडे आणि काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाकडे बघितलं. हसत कुणीच नव्हतं.

नसीमने सांगितलं, की हसू यायला, भूल पडायला तो शेकड्यात मोजण्याइतका लागतो. दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीवर अर्ध्याच्या आसपास देतात, बाकी ऑक्सिजन. इथे काही आहेच तर दशलक्षात काही शे भाग असेल. गोडसर वासही कळणार नाही. तेवढ्याने माणूस हसत नाही.

आधी तो आहे का, ते बघायला हवं होतं. सायमनने अवरक्त डोळ्यापुढची काच बदलून त्याला या वायूचा प्रकाश बघायला लावलं. यामिनीने स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं आणलं आणि अळूच्या वाफ्यावर पालथं घालून कडेने ओली माती दाबली. हे काम तिच्या हातात मुरलेलं होतं. कृष्णाकाठच्या उसात आठ वर्षं तिने अशाच पेट्या पालथ्या घालून याच वायूचं मोजमाप केलं होतं. दुपारपर्यंत दोन्ही उत्तरं आली. कुपीच्या हवेत दशलक्षात आठशे साठ भाग. पातेल्याखाली अर्ध्या तासात त्याच्या दुप्पट.

“तुम्हाला हे माहीत होतं?” सायमनने विचारलं. त्याच्या स्वरात आरोप नव्हता, तरी तो तिला तसा ऐकू आला.

यामिनीने हातांची माती पुसली. मग तिने सांगितलं. मातीतल्या जीवाणूंना नायट्रोजनाचं खत मिळालं आणि माती कधी ओली कधी कोरडी होत राहिली, की ते हा वायू सोडतात. सतत चिखल ठेवला तर ते काम पूर्ण करून निव्वळ नायट्रोजन करतात, कोरडी ठेवली तर कामच करत नाहीत. सकाळी भिजवायचं आणि दुपारपर्यंत जिरवायचं, ही सगळ्यांत वाईट रीत. बाहेर शेताशेतांतून तो असाच निघतो आणि कर्बवायूच्या अडीचशेपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो. शंभरावर वर्षं टिकतो, हळूहळू वर चढतो, तिथे कडक ऊन त्याला फोडतं, आणि फुटता फुटता तो ओझोनचं कवच झिजवतो.

“म्हणून आम्ही त्याला आभाळाचं दुखणं समजत आलो,” ती म्हणाली. “शेतात उभ्या माणसाला त्याचं काही होत नाही, तो निघून जातो वर. चार हात अळूचा वायू जगाच्या हिशेबात किती? मी हिशेब जगाचा केला. कुपीला आकाश नाही हे माझ्या ध्यानातच आलं नाही.”

कर्बशोषक फक्त कर्बवायू धरायचा. हवेतले बारीकसारीक विषारी वायू जाळायला जाळभट्टी होती, पण तिच्या चारशे अंशांना हा वायू दाद देत नव्हता. एकदा मातीतून सुटला की त्याला जायला जागाच नव्हती, तिघांच्या फुप्फुसांखेरीज.

आता नसीम तिच्या समोर येऊन बसली. “पायांना मुंग्या येतात?”

यामिनीच्या मनात पहिला विचार आला तो हा, की हिला कुणी सांगितलं. दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला. मग तिने मान हलवली. “तीन महिने.”

नसीमने मग सावकाश उलगडून सांगितलं. शरीरात बी-ट्वेल्व्ह नावाचं जीवनसत्त्व असतं, त्याच्या मधोमध कोबाल्टचा एक अणू. हा वायू त्या अणूला गंज चढवतो आणि जीवनसत्त्व जागच्या जागी निकामी होतं. त्यावाचून मज्जातंतूंचं वेष्टण टिकत नाही. आधी पाय जातात. मग विसर पडतो, चिडचिड होते. “आणि काही जणांना,” ती थांबली, “सगळे आपल्या वाईटावर आहेत असं वाटायला लागतं.”

“म्हणजे वायू शोधला मी, आणि वेडी पण मीच.”

“दोन्ही खरं असू शकतं, बाई. तुला संशयाचा आजार नसता तर त्या यादीकडे कुणी बघितलं नसतं.”

नसीम आणि सायमनने जन्मभर मासळी-मटण खाल्लेलं, त्यांच्या यकृतात या जीवनसत्त्वाचा साठा भरपूर. सायमनला वसईच्या बोंबलांनी तारलं म्हणायचं. यामिनीचं घर माळकरी, साठा आधीच बेताचा. त्या उणिवेसाठीच तर नसीम दर गुरुवारी गोळी देत होती. संशयाला औषध नाही असं म्हणतात. इथे होतं, लाल रंगाचं, आणि यामिनी ते दहा आठवडे अळूला घालत होती. हे तिने नसीमला सांगितलं तेव्हा तिला इतकी लाज वाटली, की इंजेक्शनची सुई दंडात गेलेली तिला कळलीही नाही.

मग ती ताडकन उठली. माळकरी घरात वाढलेल्या मुली दोन होत्या.

तिने सायमनला कागद घ्यायला लावला. ‘वाटसरू’वर वाफा तेवढाच, माणसं तेवढीच, पण नौका लहान, हवा एक तृतीयांश. म्हणजे वायू तिपटीने लवकर साठणार. पाच महिने गुणिले तीन, म्हणजे पंधरा, कुपीच्या सोळाला लागूनच. कुपी अकरा महिने पुढे आहे असं सगळे धरून चालले होते, आणि या एका बाबतीत ती एक पाऊलही पुढे नव्हती. ठेच दोघांना एकाच वेळी लागली होती. आणि यामिनीने तीन महिन्यांपूर्वी, पाय बधिर झाले त्याच दिवशी तोंड उघडलं असतं, तर ते पाऊल पुढे राहिलं असतं.

केंद्राने त्याच संध्याकाळी सगळा अहवाल नौकेवर धाडला. इकडे कुपीत उपाय करून बघितला. वाफा उपसून माती पिंपांत बंद केली, जाळभट्टी सातशे अंशांवर नेली. त्या आचेला वायू फुटून साधा नायट्रोजन आणि ऑक्सिजन होऊ लागला, आकडा उतरायला लागला. उपाय सोपा होता, तेवढाच नौकेवर करायचा होता.

उत्तर आलं ते मोहीमप्रमुख दळवींचं. केतकी दोन आठवड्यांपासून वाफ्याच्या दालनात आतून कडी घालून बसली होती, आणि हे कुपीपर्यंत कुणी पोचवलं नव्हतं. औषधांची पेटीही तिने आत नेली होती, कारण जेवणात काहीतरी मिसळतात अशी तिची समजूत होती. जाळभट्टीची कळही त्याच दालनात. दार फोडायला जावं तर हवाबंद जोड फुटण्याची भीती. तिसऱ्या सोबत्याचे हात थरथरायला लागले होते आणि दळवींना स्वतःला जिना चढताना पायरी कळत नव्हती. आणि केतकी तर त्या वायूच्या झऱ्यापाशीच अंथरूण टाकून होती.

केंद्रातल्या मानसतज्ज्ञांनी चार दिवस तिची समजूत घातली. आलेख पाठवले, आईचा आवाज ऐकवला, यामिनीलाही बोलायला लावलं. निरोप जायला पाच मिनिटं, यायला पाच. केतकीचं प्रत्येक वेळी एकच उत्तर: “अक्काच्या तोंडून कोण बोलतंय ते आधी सांगा.”

पाचव्या दिवशी केंद्राने आणखी मऊ शब्दांतला नवा मसुदा पाठवला. यामिनीने तो वाचला आणि बाजूला ठेवला. तिला सहा इंजेक्शनं झाली होती, डोक्यातलं मळभ हटायला लागलं होतं, पण आत कसं वाटतं ते अजून ताजं होतं.

“हे चालणार नाही,” ती नसीमला म्हणाली. “तू जितकी गोड बोलायचीस तितकी मला तू खोटी वाटायचीस. तुला भास होतात असं तिला सांगितलं, की सांगणारा शत्रू झाला. तिला सांगायला पाहिजे, तुझा संशय खरा आहे.”

नसीमला ते पटेना. आजारी मनाच्या आगीत तेल ओतण्यासारखं ते होतं, आणि इतक्या वर्षांत रोग्याशी ती कधी खोटं बोलली नव्हती. यामिनी म्हणाली, यात खोटं काहीच नाही. त्यांच्यावर विषप्रयोग होतोयच की.

“मग कोण करतंय, हे ती पहिलं विचारील,” नसीम म्हणाली. “जीवाणू म्हटलंस तर ऐकायची नाही. तशा मनाला माणूस लागतो.”

“माणूस आहे,” यामिनी म्हणाली.

तिने केंद्राला न विचारता निरोप लिहिला. सायमनने तो पाठवला. त्याने विचारलंही नाही, हे यामिनीच्या लक्षात आलं. ज्याला ती चोर ठरवत होती तोच तिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकत होता. निरोप असा होता:

“केतू, तुझं बरोबर आहे. तुम्हाला रोज विष मिळतंय. ते जेवणात नाही, हवेत आहे, आणि अळूच्या वाफ्यातून निघतं. तो वाफा मी लावायला लावला. माझ्या पायांना तीन महिन्यांपूर्वी मुंग्या आल्या, तेव्हाच मी सांगितलं असतं तर तुम्ही वाचला असता. मी लपवलं. उतारा तुझ्या पेटीतच आहे, लाल झाकणाच्या बाटल्या. सीलबंद आहेत, स्वतः बघून घे. वाफा उपट, माती पिंपात कोंब, भट्टी सातशेवर ने. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. रेणुतराजूची मिळवणी काढून टाक आणि आकडा स्वतः बघ.”

दहा मिनिटं गेली, दहाची वीस झाली. मग उत्तर आलं, एका ओळीचं.

“मला पहिल्यापासून वाटतच होतं, अक्का.”

यामिनी ते वाचून उठली आणि हवाघरात जाऊन दार लोटून बसली. निरोप लागू पडला होता. आपण सोडलेला बाण बरोबर लागला याचा तिला आनंद व्हायला हवा होता, पण तिला नुसतं रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दळवींनी कळवलं, की केतकी बाहेर आली. पेटी घेऊन आली आणि दोघांनाही समोर बसवून तिने स्वतःच्या हाताने उतारा टोचला, आधी स्वतःला टोचून दाखवून. तिच्या मते त्या दोघांवरही विषप्रयोग झाला होता, मग ते शत्रू कसे असतील? वाफा उपटलेला होता, भट्टी धगधगत होती. महिन्याभरात नौकेवरचा आकडा शंभराच्या खाली आला. केतकी सगळ्यांबरोबर जेवायला बसू लागली, दळवींची चेष्टा करू लागली. फक्त कुपीकडे तिचा एकही निरोप आला नाही.

दीड महिन्याने आला. केतकीने लिहिलं होतं, “केंद्रातले लोक म्हणतात, तो निरोप मला बाहेर काढायला रचलेला होता. मी आता बरी आहे. अक्का, त्यातलं खरं किती?”

त्याच्या पाठोपाठ केंद्राचा सल्लाही आला. बरंचसं रचलेलं होतं असं कळवावं, मोहिमेच्या मनःस्वास्थ्यासाठी तेच बरं. यामिनीने दोन्ही निरोप शेजारी शेजारी ठेवून वाचले. एक शब्द लिहिला की बहीण परत मिळत होती. पण तो शब्द लिहिला तर जिला आपण आजारातून ओढून काढलं, तिला पुन्हा खऱ्या गोष्टीला भास म्हणायला शिकवलं, असं होणार होतं. आणि मग पुढे कधी पाय बधिर झाले, तर ती कुणाला सांगणार होती?

तिने उत्तर पाठवलं: “सगळं.”

दोन दिवस काही आलं नाही. त्या दोन दिवसांत यामिनी धड जेवली नाही आणि नसीमने तिला जेव म्हणून एकदाही म्हटलं नाही, याबद्दल ती नसीमची ऋणी राहिली. तिसऱ्या सकाळी पडद्यावर ओळ उमटली.

“वाफा रिकामा पडलाय. आता त्यात काय लावू?”

यामिनीला क्षणभर वाटलं, ही परीक्षा आहे. मग वेगळीच भीती वाटली. विचारत होती ती साधी भाजी, पण विचारत होती तिला, जिच्या एका वाफ्याने तिघांचे जीव टांगणीला लागले होते. तिने मेथी लिहिली, खाली मातीची खोली, खताचं माप, पाण्याचं माप लिहिलं. एरवी हा कागद तिने तडक पाठवला असता. आता तो घेऊन ती न्याहारीच्या टेबलाशी गेली आणि सायमन आणि नसीमच्या मधोमध ठेवला.

“हे बरोबर आहे असं समजू नका,” ती म्हणाली. “चुकलेलं आहे असं धरून वाचा.”

नसीमने चष्मा लावला. सायमनने पेन्सिल घेतली आणि एकेक ओळ खाली जात तिसऱ्या ओळीवर थांबला. पाणी किती ते होतं, पण किती वेळाने द्यायचं आणि मधे माती वाळू द्यायची की नाही, ते लिहिलेलं नव्हतं. त्याने तिथे खूण केली आणि कागद तिच्याकडे सरकवला. यामिनी खुर्ची ओढून लिहायला बसली.